पॅरा खेळाडूंचा कोच नेमकं करतो काय?

एप्रिलमधली सकाळ होती. साडेनऊ वाजून गेले होते. गोळाफेकीचा सराव दोन तास चालला होता आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्या त्या मुलीने पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी दोनदा सांगितलं, "पाणी पी." दोन्ही वेळा ती "हो मॅडम" म्हणाली. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तेव्हा इकडंतिकडं बघून ती हळूच म्हणाली, "मॅडम, पाणी प्यायले तर मग जाऊ कुठे?"

मैदानावर शौचालय होतं. पण दोन पायऱ्या चढून, आणि दार असं की तिची खुर्ची आत जाणं शक्यच नव्हतं. म्हणून सरावाच्या आदल्या रात्रीपासूनच ती पाणी तोडायची. मी तोवर दहा वर्षं शाळकरी मुलांना ॲथलेटिक्स शिकवत होते. वॉर्मअप, वजनं, आहार, सगळं तिच्या वहीत लिहून दिलं होतं. तिची फेक दुसऱ्या तासात का ढेपाळते, हे कोडं मी तीन आठवडे तंत्रात शोधत होते आणि उत्तर त्या दोन पायऱ्यांवर होतं.

शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना शिकवायचं म्हणजे काय, हे मला अनेक जण विचारतात. बहुतेक जण बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करणारी मुलं असतात, अधूनमधून एखादी फिजिओथेरपिस्ट. पहिला प्रश्न ठरलेला: "त्यासाठी वेगळा कोर्स असतो का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी खेळाचे कोच व्हा. गोळा, पोहणं, नेमबाजी, बॅडमिंटन, जे काही असेल ते मुळापासून शिका. पॅरा खेळाडू तुमच्याकडे मायेसाठी येत नाही, त्याला आणखी चाळीस सेंटिमीटर लांब फेकायचं असतं.

सुमा शिरूर यांचं उदाहरण घ्या. त्या स्वतः रायफल नेमबाज, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचलेल्या. पनवेलला त्यांची अकादमी आहे. व्हीलचेअरवरून नेमबाजी करणाऱ्या अवनी लेखरा हिने टोकियो आणि पुन्हा पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, त्यामागे त्यांचं प्रशिक्षण आहे, आणि पॅरा नेमबाजीसाठीच २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. श्वास कधी धरायचा, ट्रिगरवर बोट कसं ठेवायचं, शेवटच्या पाच गोळ्यांना मन कसं सांभाळायचं, हे खुर्चीत बसलेल्या नेमबाजालाही तेवढंच लागतं. त्याच्या खाली खुर्ची आहे आणि कमरेखालून आधार मिळत नाही, हा भाग नंतर येतो. तो शिकता येतो. पण खेळच येत नसेल तर शिकवणार काय?

या क्षेत्राचा उगम मात्र मैदानावरचा नाही, रुग्णालयातला आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्या काळी असे जखमी फार दिवस जगत नसत. मारणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: एकाच जागी पडून चिघळलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग. गुटमन यांनी रुग्णांना कुशीवर वळवायला लावलं, उठवून बसवलं, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत असताना त्यांच्या आवारात १४ पुरुष आणि २ स्त्रिया व्हीलचेअरवर बसून तिरंदाजी करत होते. १९६० मध्ये रोमला पहिली पॅरालिंपिक झाली, तिचं मूळ हे. ज्या दोन गोष्टींशी गुटमन झगडले, त्यांच्यावर आजच्या कोचलाही रोज नजर ठेवावी लागते. पाणी न पिणाऱ्या त्या मुलीला लघवीचा संसर्ग वर्षात तीनदा झाला होता, हेही मला नंतरच कळलं.

आपल्याकडेही सुरुवात सैन्यातून झाली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली, ४६ वर्षांनी. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीला सैन्याचं पॅरा क्रीडा केंद्र आहे. सुरुंगस्फोटात पाय गमावलेले नागालँडचे होकाटो सेमा पुण्यात ३२ व्या वर्षी गोळाफेकीकडे वळले आणि चाळिशीत, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत, १४.६५ मीटरच्या फेकीवर कांस्य घेऊन आले. बत्तिसाव्या वर्षी गोळा हातात घेणाऱ्याला सर्वसाधारण ॲथलेटिक्समध्ये कुणी उभं केलं नसतं. पॅरा खेळात वयाचा हिशेब निराळा असतो, कारण खेळाडू कुठल्या वयात तुमच्यापर्यंत येईल हे त्याच्या अपघाताने किंवा आजाराने ठरवलेलं असतं.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. क्लासिफिकेशन, म्हणजे वर्गीकरण.

गोळाफेकीतलीच तीन नावं घेऊ. सांगलीच्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये १६.३२ मीटर फेकून रौप्य जिंकलं. ते उभं राहून फेकतात, त्यांच्या एका हातात दोष आहे. त्यांचा वर्ग एफ ४६. होकाटो सेमा बसून फेकतात, वर्ग एफ ५७. नांदेडच्या भाग्यश्री जाधव याही बसून फेकतात, पण त्यांचा वर्ग एफ ३४. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं आणि पॅरिसच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज ज्या दोघांच्या हाती होता, त्यांतल्या त्या एक. खेळ एकच, पण हे तिघे एकमेकांविरुद्ध कधीच उतरणार नाहीत.

अक्षरातला एफ म्हणजे फेकीचे प्रकार, टी म्हणजे धावण्याचा ट्रॅक आणि उड्या. आकड्यातला दशक म्हणजे अडचणीचा प्रकार. तिशीत मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांचा ताळमेळ बिघडलेले खेळाडू, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी असलेले. चाळीस आणि एक्केचाळीस ठेंगणी उंची. पुढचे चाळीसचे आकडे हातापायातल्या दोषांचे, पन्नाशी बसून खेळणाऱ्यांची, साठीत कृत्रिम पाय (प्रोस्थेसिस) लावून खेळणारे. एककाचा आकडा तीव्रता सांगतो: एका गटात आकडा जितका लहान तितकी शरीराची अडचण मोठी. पोहण्यात हेच गणित एस १ ते एस १० असं चालतं. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तर प्रत्येकाला १ ते ४.५ गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नसते. त्यामुळे बदली खेळाडू पाठवताना कोच एक डोळा धावफलकावर आणि एक या बेरजेवर ठेवतो.

इथे पालकांची फार मोठी गल्लत होते. "आमच्या मुलाचं पंचाहत्तर टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, त्याला सोपा क्लास मिळेल ना?" नाही. सरकारी दाखल्यावरचे टक्के आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) शिक्षणाच्या, नोकरीच्या सवलतींसाठी आहेत. कायद्याने ४० टक्क्यांची रेघ ठरवली आहे. खेळातलं वर्गीकरण करणारं मंडळ तो आकडा बघतच नाही. ते सांधे मोजतात, स्नायूंची ताकद तपासतात, खेळाच्या हालचाली करून घेतात आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेतही निरखतात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो: या शरीराची ही अडचण या खेळात किती आड येते? म्हणून एका खेळात पात्र ठरलेला माणूस दुसऱ्या खेळात अपात्र ठरू शकतो. टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूने कांस्य मिळवलं आणि नंतर वर्गीकरण मंडळाला त्याला कोणताच वर्ग देता न आल्यामुळे तो निकालच रद्द झाला.

कोच म्हणून तुमचं काम हे की खेळाडूची वैद्यकीय कागदपत्रं नीट लावायची, वर्गीकरणात काय होणार हे त्याला आधी समजावायचं, आणि तिथे जे आहे ते तसंच दाखवायला सांगायचं. "थोडं कमी जोर लाव" असं सुचवणारे लोक मी पाहिले आहेत. तो गुन्हा आहे. त्यावर खेळाडूवर बंदी येते, आणि त्यात सामील असलेल्या कोचवरही येऊ शकते.

वर्गीकरणातून पार पडलात की खरी मेहनत शरीराशी. इथे सर्वसाधारण कोचिंगमधली काही सूत्रं गुंडाळून ठेवावी लागतात.

उदाहरणार्थ, जास्तीत जास्त नाडी किती जाईल हे सांगणारं '२२० वजा वय' हे सूत्र. मान किंवा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा झाली असेल तर हृदयाला वेग वाढवण्याचा संदेश नीट पोहोचत नाही. मानेच्या इजेत नाडी ११० ते १३० च्या आसपासच अडते, मग खेळाडू कितीही जोर लावो. घड्याळ बघून "अजून पळव" म्हणणारा कोच तिथे साफ चुकतो. त्यापेक्षा त्यालाच विचारा, दहापैकी किती दमलास? त्या उत्तरावर विश्वास ठेवायला शिकावं लागतं.

घामाचंही तसंच. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. आपल्या मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. पाणी फवारायची बाटली, ओला पंचा, सावली आणि पहाटेचा सराव, या गोष्टी चोचले समजू नका. तिथे त्या थाळी-भाल्याइतक्याच गरजेच्या आहेत.

एक धोका मात्र प्रत्येक कोचला तोंडपाठ असलाच पाहिजे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वर इजा असलेल्या खेळाडूचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागात दरदरून घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्याने चढतोय असं समजायचं. कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं: भरलेलं मूत्राशय, दुमडलेली लघवीची नळी (कॅथेटर), फार आवळलेला पट्टा, कपड्याची टोचणारी शिवण. शरीराला खालची कळ जाणवत नाही, पण प्रतिक्रिया मात्र उमटते. अशा वेळी आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, सगळं सैल करायचं, कारण शोधून काढायचं आणि उतार पडला नाही तर थेट रुग्णालय. काही खेळाडू कामगिरी वाढावी म्हणून मुद्दाम ही अवस्था ओढवून घेत असत. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने त्याला बंदी घातली आहे, कारण त्यात मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

व्हीलचेअरवाल्यांचे खांदे हा माझा सगळ्यात काळजीचा विषय. आपण पायांवर चालतो आणि हातांनी खेळतो. ते हातांनी चालतात, हातांनी पलंगावरून खुर्चीत जातात, खुर्चीतून रिक्षात जातात आणि मग त्याच हातांनी खेळतात. म्हणून सरावाचा भार मोजताना घर ते मैदान हे अंतरही त्यात धरायचं. खुर्ची ढकलताना छातीचे आणि खांद्यापुढचे स्नायू राबतात, पाठीमागचे राहून जातात. त्यामुळे ओढण्याचे व्यायाम ढकलण्याच्या व्यायामांपेक्षा जास्त ठेवायचे. एकदा खांदा गेला की त्या माणसाचं खेळणं तर थांबतंच, शिवाय आंघोळीला जाणंही दुसऱ्याच्या हातात जातं.

कृत्रिम पायावर धावणाऱ्याचा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, दिवसभरात थोडा आक्रसतो, फुगतो. स्टंप ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचं सॉकेट सकाळी घट्ट असतं, दुपारी सैल होतं. मध्येच थांबून स्टंपवरचं मऊ आवरण (लायनर) काढायचं, घाम पुसायचा, कातडी बघायची. लाल डाग काही वेळाने गेला नाही तर त्या दिवशी धावणं बंद. बसून खेळणाऱ्यांनाही हाच नियम. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना वॉर्मअप लांबवावा लागतो, थंडीत स्नायू आणखी आवळतात, आणि काही जण अचानक आवाजाने दचकतात, तेव्हा शिट्टी त्यांच्या कानाशी वाजवू नका. एवढी साधी गोष्ट, पण मैदानावर कुणी पाळत नाही.

मला या कामात सर्वात जास्त आनंद मिळतो तो फ्रेम बनवताना. फ्रेम म्हणजे बसून गोळा फेकणाऱ्याची बैठक, एक लोखंडी स्टूलच, पण त्याच्या मापाचं. नियम सांगतो की गादी धरून बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि फेकताना खेळाडूने बैठकीवरून उठायचं नाही. त्या मर्यादेत बाकी सगळं आपल्या हातात. उभा गोळाफेकपटू ताकद पायांतून उचलतो आणि ती कंबर, छाती, खांदा अशी वर चढवत नेतो. पाय वगळले की ही साखळी धडापासून सुरू होते, आणि धडाचे स्नायूही दुबळे असतील तर दुसऱ्या हाताने दांडा धरून शरीर खेचून घ्यावं लागतं. मग दांडा किती पुढे, किती उंच, किती तिरका? पट्टा मांडीवर हवा की कमरेवर? गुडघे किती दुमडायचे? आम्ही वेल्डरच्या दुकानात खेळाडूला बसवून, खडूने खुणा करून, दांडा चार वेळा कापून पुन्हा जोडला आहे. एका खेळाडूची बैठक आम्ही तीन सेंटिमीटरने मागे कलती केली आणि त्याला पहिल्यांदाच पूर्ण वळता आलं. वेल्डरकाका त्या दिवशी मजुरी घ्यायला तयार नव्हते. आम्ही ती दिली, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंच होतं.

दोन्ही हात नसलेली जम्मू-काश्मीरची शीतल देवी पायाने धनुष्य धरून तिरंदाजी करते हे आता सर्वांना ठाऊक आहे. कटऱ्याच्या कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी या प्रशिक्षकांनी तिच्यासाठी हेच केलं: काय नाही ते बाजूला ठेवलं आणि तिच्या पायात, खांद्यात, जबड्यात काय आहे त्यावर तंत्र उभं केलं. याचं छापील पुस्तक मिळत नाही. खेळाडूला विचारत विचारतच ते लिहायचं असतं. स्वतःच्या शरीराबद्दल त्याला तुमच्याहून जास्त कळतं.

विचारण्यावरून आणखी एक. खुर्चीला हात लावण्याआधी विचारा. पट्टा आवळण्याआधी विचारा. उचलून फ्रेमवर ठेवायचं असेल तर कुठे धरू, हे विचारा. मुलींच्या बाबतीत तर मदतीला बाई असलीच पाहिजे, हा माझ्या मैदानावरचा पक्का नियम आहे. आणि 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग', यावर वाद घालत बसण्यापेक्षा समोरच्याला काय आवडतं ते विचारा आणि नावाने हाक मारा.

आता पोटापाण्याचं, कारण करिअर म्हणून विचार करणाऱ्याला ते कळायला हवं. पायाभूत पात्रता तीच: बी.पी.एड. किंवा एम.पी.एड., आणि जमलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षभराचा डिप्लोमा. नोकरीत असलेल्यांना तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स सोयीचा पडतो. पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरण, खेलो इंडियाची केंद्रं, सैन्य, खासगी अकादमी, पुनर्वसन संस्था आणि विशेष शाळा अशा वाटा आहेत. ग्वाल्हेरला २०२३ पासून दिव्यांगांच्या खेळासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र सुरू झालं आहे. वर्गीकरण करणारा तज्ज्ञ होणं हीदेखील एक वाट आहे, त्यात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तर लागतातच, पण खेळाचं तंत्र जाणणारे कोचही लागतात. जागा मात्र कमी आहेत, बऱ्याच कंत्राटी आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक जण दिवसा शाळेत नोकरी आणि पहाटे मैदान असंच करतात. मीही तेच करते. पगाराच्या आशेने एकदम उडी घेऊ नका, पण वाट बंद आहे असंही समजू नका. टोकियोत भारताला १९ पदकं होती, पॅरिसमध्ये २९ झाली, आणि २०२५ ची जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा दिल्लीत भरली. ही पदकं ज्या गावांतून येतात, तिथे कोच नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं. तो परिच्छेद छापून घ्या आणि मैदानावर रॅम्प मागायला जाताना सोबत ठेवा. आमच्या मैदानावरच्या दोन पायऱ्यांवर उतार पडायला चौदा महिने आणि सहा अर्ज लागले. दार रुंद व्हायला आणखी पाच.

सुरुवात करायची असेल तर जवळची जिल्हास्तरीय पॅरा स्पर्धा शोधा आणि स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तिथे तुम्हाला फीत धरायला सांगतील किंवा पाणी वाटायला. त्याऐवजी गोळा परत आणून देण्याचं काम मागून घ्या. बसून फेकणारा खेळाडू स्वतःचा गोळा आणायला जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक फेकीनंतर कुणीतरी जाऊन तो उचलतो, पुसतो आणि त्याच्या हातात देतो. त्या कामात तुम्ही दिवसभर खेळाडूच्या समोर असता. गोळा सुटताना त्याची हनुवटी कुठे जाते, दांडा धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडतात का, कोणता पट्टा सरकतो, सहाव्या फेकीला चेहरा कसा होतो, हे सगळं समोरून दिसतं. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोचला तेवढं दिसत नाही. मी पहिलं वर्षभर तेच केलं, आणि अजूनही सरावात गोळा उचलायला मीच जाते.